टिपरे वेळेवर उठले

सॅल्फर्ड, रविवार दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. मजकूर मध्ये मध्ये तुमच्याविरुद्ध आहे, तो गाळायचा नाही. एक प्रत वहिनीला पाठवली आहे, त्यामुळे चोरी पकडली जाईल.

आई, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं एकदाचं. थेंब वेळेवर घाल, वाकू नकोस, फोडणीच्या धुरात उभी राहू नकोस. दादाने डबा लावून दिलाय तो खा, नावं ठेवत का होईना.

आता तुमच्या भांडणाबद्दल. डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बघू नका म्हटलं, आणि तू पलंगावर डोळे मिटून पडून साताच्या मालिकेपासून दहाच्या मालिकेपर्यंत सगळं ऐकलंस. एकही धागा सुटला नाही. उलट बाबांनाच विचारायची वेळ आली की तो मघाशी रडत होता तो कोण. त्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे चित्राची गरजच नाही, हा तर रेडिओ!" आणि मग त्यांनी ठराव मांडला की कुठलीही मालिका शंभर भागांत संपवायचा कायदा यायला हवा. तू म्हणालीस, "मग सात ते दहा मी काय तुमचं तोंड बघत बसू?" आणि निकाल द्यायला मला फोन लावलात. फोनवर निकाल देता येत नाही, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही दोघंही बोलता. म्हणून हे पत्र.

बाबांचं रेडिओचं निरीक्षण खरं आहे, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. रोजची मालिका बऱ्याच अंशी कानांसाठीच लिहिलेली असते. ती लागते नेमकी पोळ्या लाटायच्या वेळी. बघणारीचे हात कणकेत आणि पाठ टीव्हीकडे. म्हणून तर पात्रं दर वाक्याला एकमेकांना नावाने हाका मारतात. कालचं आज पुन्हा सांगतात. खलनायिका दारात यायच्या आधी तिचं ठरलेलं संगीत येतं, ते एवढ्यासाठी की स्वयंपाकघरात कळावं, आता लाटणं खाली ठेवून बाहेर जायला हवं. कुणाला धक्का बसला की कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जाऊन येतो, तेवढ्यात एक पोळी तव्यावरून उतरते. तू डोळे मिटून सगळं समजलीस यात मालिकेची फजिती नाही, लिहिणाऱ्याचं कसब आहे. बाबा, तुम्ही सोफ्यावर बसून, रिकाम्या हातांनी, टक लावून बघता. म्हणून तुम्हाला त्रास होतो.

शंभर भागांचा कायदा म्हणाल, तर तसा कायदा एके काळी जवळजवळ होताच. दूरदर्शन मालिकेला तेरा भागांची मंजुरी द्यायचं. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने. लोकांना आवडली तर आणखी तेरा. त्यामुळे लिहिणाऱ्याला पहिल्या भागापासून माहीत असायचं की शेवट कुठल्या महिन्यात गाठायचा आहे. 'हम लोग' १९८४ च्या जुलैत सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपली. तुम्ही तेव्हा ठाण्याला चरईच्या चाळीत, आणि टीव्ही फक्त मालकांकडे. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे आणि वेगवेगळ्या भाषांत 'हम लोग' म्हणून निरोप घ्यायचे, त्यात मराठी आलं की खोलीत टाळी पडायची, हे तूच मला सांगितलं आहेस. जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' तर दहा भागांतच आटोपला, आणि बाबा त्यातले प्रसंग अजून सांगतात. दहा भागांचं तुम्ही जन्मभर पुरवून पुरवून खाताय.

तरी लांबवायची खोड तेव्हाही होती, उगीच जुनं ते सगळं सोनं म्हणू नका. रामानंद सागरांची 'रामायण' ५२ भागांची ठरली होती. लोक ऐकेनात, म्हणून वाढवत वाढवत ती ७८ भागांवर नेली. युद्धात दोन बाण एकमेकांना भेटायला किती वेळ लागायचा हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वाढीव भाग कुठे गेले ते सांगायला नको. मग चोप्रांचं 'महाभारत' आलं. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं, १९९० च्या जूनमध्ये संपलं. अठरा पर्वं, गीतेसकट, ९४ भागांत. व्यासांची गोष्ट ९४ भागांत मावते आणि एका देशमुखांच्या घरातली तीन हजारांहून अधिक भागांत मावत नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि २०१३ ला संपली. नावावरचा विनोद सगळ्या महाराष्ट्राने करून झालाय, मी करत नाही. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड समोर असल्या की रिमोटकडे हात जात नव्हता, हेही कबूल. पण त्या काळात मी शाळेतून कॉलेजात गेले, नोकरीला लागले, आणि त्या घरातला एक प्रश्न काही सुटला नाही.

आता माझी लाडकी मालिका. तुम्हाला माहीतच आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे', २००१ ते २००५. तेव्हा झी मराठीचं नाव अल्फा मराठी होतं. आठवड्यातून एकदा लागायची, आणि हे 'एकदा' फार महत्त्वाचं आहे. दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे पुस्तक, त्यावर केदार शिंदेंनी केलेली. प्रभावळकर चिमणराव झाले तेव्हा तिशीत होते. आबा टिपरे झाले तेव्हा साठीसुद्धा गाठली नव्हती, आणि दिसायचे पंचाहत्तरीचे. बाबा म्हणतात की बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊशेजारी उभा असलेला तो गोंधळलेला चिमणराव म्हातारा होऊन टिपऱ्यांच्या घरी राहायला आला. मला हे पटतं. दोघांचंही जगाशी जमत नाही आणि दोघंही जगावर रागावत नाहीत.

त्या मालिकेत होतं काय? सांगायला गेलं तर काहीच नाही. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. एक फ्लॅट. खलनायिका नाही, विषाची बाटली नाही, कुणाचा जुळा भाऊ परदेशातून येत नाही. कुणाला तरी काहीतरी हवं असायचं आणि ते घरातल्या दुसऱ्याला नको असायचं, बस. आबा रात्री डायरीत लिहायचे आणि दिवसभराचा गोंधळ चार वाक्यांत उलगडायचा. शुभांगी गोखल्यांची श्यामला चिडली की आपल्या घरात तू खूश व्हायचीस, कारण तुझ्या वाटचं ती बोलायची. आणि शेखर टिपरे ऑफिसातून घरी येऊन ज्या पद्धतीने खुर्चीत बसायचा, त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. बाबा वाचतायत.

पण ते 'काहीच नाही' लिहायला फार अवघड असतं. आठवड्याचे सात दिवस लेखकाच्या हातात होते, म्हणून जमलं. हीच मालिका रोज लावली असती तर दोन महिन्यांत शिऱ्याला किडनॅप करावं लागलं असतं. आणि २००५ मध्ये ती थांबली तेव्हा तू काय म्हणालीस आठवतंय? "इतक्यात?" चार वर्षं चाललेल्या मालिकेला 'इतक्यात' म्हणायला लावणं ही लहान गोष्ट नाही. पाहुणा उठायला लागला आणि यजमानीण मनापासून 'बसा हो' म्हणाली, तर तो वेळेवर उठला असं समजावं. टिपरे वेळेवर उठले. बाकीचे चपला घालून दारात उभे राहून दीड वर्षं बोलत राहतात.

ते का बोलत राहतात हे बाबांना वाटतं तसं लेखकांच्या अकलेवर अवलंबून नाही. पैशाचं गणित आहे. चॅनेल निर्मात्याला भागामागे पैसे देतं. भाग थांबले की पैसे थांबले. स्पॉटबॉयपासून मेकअपवाल्यापर्यंत सगळ्यांचं पोट त्या सेटवर. चॅनेलच्या बाजूने बघायचं तर नवी मालिका म्हणजे प्रोमो आले, होर्डिंग आली, आणि एवढं करून लोक बघतील याची खात्री नाही. जुनी मालिका रटाळ का असेना, तिचा एक ठरलेला प्रेक्षक आहे, तो सवयीने त्या वेळेला ते बटण दाबतो. दर गुरुवारी आठवड्याचा टीआरपी येतो आणि त्यावर पुढचा ट्रॅक ठरतो. आकडा घसरला, काढा लग्न. आकडा चढला, लग्न मोडू नका, लांबवा. अशा मालिकेत शेवट ही लेखकाच्या हातातली गोष्टच राहत नाही. गोष्ट लिहिणारा माणूस शेवटाकडे बघत लिहितो. स्लॉट भरणारा माणूस पुढच्या गुरुवारकडे बघत लिहितो.

दादा तर हे सगळं रोज गाडीतून बघतो. घोडबंदर रोडवरच्या बंगल्यांत आणि स्टुडिओंत केवढी शूटिंगं चालतात. मेट्रोचं काम, गायमुखचा घाट आणि त्यात अडकलेली व्हॅनिटी व्हॅन. तो म्हणतो, नायिका दोन तास ट्रॅफिकमध्ये सापडली की त्या दिवशी सासू आणि जाऊ स्वयंपाकघरात बसून तिच्याबद्दल बोलतात, तो भाग आपण पाहतो. खरं-खोटं त्यालाच माहीत. पण मला ते सहज पटतं.

'होणार सून मी ह्या घरची' ही मला या सगळ्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण वाटते. २०१३ ला आली तेव्हा काय गोड होती! सहा सासवा, एक श्री, एक जान्हवी. तेजश्री प्रधानचं ते 'काहीही हं श्री' शाळेतल्या मुलींपासून बँकेतल्या बायकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. कल्पना छान होती: एकाच घरात एवढ्या आया असलेल्या मुलाशी लग्न करणं म्हणजे काय. मग जान्हवीला दिवस गेले. ते राहिले ते राहिलेच. लोकांनी मोबाइलवर त्या बाळंतपणावर इतके विनोद पाठवले की मला इथे, परदेशात बसून, मराठी न येणाऱ्या सहकारणीला ते समजावून सांगावे लागले. तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, हत्तीणीला सुद्धा एवढा वेळ लागत नाही. २०१६ च्या जानेवारीत मालिका संपली तेव्हा तू 'इतक्यात' म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "सुटली बिचारी."

मला इथे खरी खोट सापडते. भाग किती झाले हा प्रश्न नाही. त्या घरात काळ चालायचा थांबला, हा आहे.

हे मला इथे राहून जास्त कळलं. आमच्या शेजारच्या आजीबाई तुम्हाला माहीत आहेत, मागच्या वेळी तू त्यांना चकली दिली होतीस आणि त्यांनी ती चहात बुडवली होती. त्या 'कोरोनेशन स्ट्रीट' बघतात. ही मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. बाबा, पुन्हा वाचा: १९६०. आपल्या मुंबई दूरदर्शनचा जन्म १९७२ चा. गंमत म्हणजे हिलाही सुरुवातीला तेराच भागांची मंजुरी होती. तिचं शूटिंग आमच्या घरापासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर होतं, कालव्याच्या काठाला विटांची ती गल्ली कायमची बांधून ठेवली आहे. पहिल्या भागात केन बार्लो नावाचा एक तरुण आहे, कष्टकऱ्यांच्या वस्तीतून विद्यापीठात गेलेला. जेवणाच्या टेबलावर सॉसची बाटली ठेवलेली बघून त्याला आपल्या घरच्यांची लाज वाटते. विल्यम रोच नावाचा नट ते काम तेव्हापासून करतो आहे. तोच माणूस, तेच काम, तरुण मुलापासून नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत. गिनीज बुकात नाव आहे त्याचं.

मी आधी बाबांसारखीच हसले. साठ वर्षांहून जास्त चाललेली मालिका! मग आजीबाईंबरोबर बसून बघायला लागले. त्यांनी मला केनची सगळी लग्नं सांगितली. त्यातली डिअर्ड्री, तिच्याशी त्याने दोनदा लग्न केलं. ते काम करणारी ॲन कर्कब्राइड २०१५ च्या जानेवारीत वारली. मालिकेने दुसरी नटी आणली नाही. काही महिन्यांनी मालिकेतली डिअर्ड्रीही गेली, गल्लीतले सगळे जमले, आणि केन एकटा राहिला. आजीबाईंचे यजमान त्याच सुमाराला गेले होते. त्या मला एवढंच म्हणाल्या की त्या आठवड्यात मला सोबत होती.

आपल्याकडे काय होतं? 'यापुढे ही भूमिका साकारतील...' अशी पट्टी येते आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या लक्षातही येत नाही की बायकोचा चेहरा बदलला. मला प्रिय असलेल्या 'असंभव'मध्येसुद्धा शुभ्राची नटी मध्येच बदलली, मानसी साळवीच्या जागी उर्मिला कानेटकर आली. तिथे निदान गोष्टच पुनर्जन्माची होती, खपून गेलं.

'तारक मेहता' घ्या. २००८ पासून चालू आहे, चार हजारांवर भाग झाले, आणि पोपटलालचं लग्न अजून जमतंय. टप्पूचा नट दोनदा बदलला, कारण मुलं मोठी होतात, याला चॅनेलचा इलाज नाही. दयाबेन २०१७ पासून माहेरी आहे. माहेरी! कुठलं माहेर एवढं पुरतं? तीच गोष्ट 'क्योंकि सास भी कभी बहू थी'ची. तिथे काळ चालायचा नाही, उड्या मारायचा. एका रात्रीत वीस वर्षं गेली, पोरं तरुण झाली, सुना सासवा झाल्या, आणि बा मात्र होत्या तिथेच. बाबांनी कागदावर मांडून त्यांचं वय काढलं होतं, आठवतंय?

म्हणून मी जे म्हणते ते असं. दोन जातीच्या मालिका असतात. एक गोष्ट सांगणारी. तिने पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारलेला असतो, आणि उत्तर दिलं की तिने जावं. सतीश राजवाड्यांची 'असंभव' तशी होती. वाड्यात पूर्वी काय घडलं, हे कळलं, संपली. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' तशी होती. घना आणि राधा एकमेकांच्या प्रेमात कधी पडणार एवढाच प्रश्न. २०१२ च्या जानेवारीत विचारला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर देऊन मंडळी मोकळी. लोक अजून त्या मालिकेचं नाव काढलं की हसतात. 'दिल दोस्ती दुनियादारी' वर्षभरात थांबली तेव्हा माझ्या मैत्रिणी चॅनेलवर चिडल्या होत्या. पुढे तेच नट घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' काढली, ती कुणाच्या फारशी लक्षात नाही. चिडल्या होत्या तेच बरं होतं.

दुसरी जात शेजाराची. तिला प्रश्न नसतो. तिथे माणसं राहतात, आपण खिडकीतून बघतो. ती कितीही वर्षं चालो, पण मग तिथे वय वाढलं पाहिजे, माणसं गेली पाहिजेत, पोपटलालचं एकदाचं जमलं पाहिजे किंवा तो तसाच म्हातारा झाला पाहिजे. आपल्याकडची तक्रार ही आहे की गोष्टीसारखी मालिका सुरू करतात आणि शेजारासारखी चालवतात. राधा-घना रोज भेटले असते पुढची दहा वर्षं, तर काय झालं असतं त्यांचं? घनाला स्मृतिभ्रंश, राधाची जुळी बहीण, आणि मधल्या सुट्टीत दिवाळीचा महाएपिसोड.

बाबांचा कायदा त्यामुळे मला मंजूर नाही. बाबा गडकरी रंगायतनच्या हिशेबाने विचार करतात: तिसरी घंटा, दोन अंक, पडदा, आणि शेवटची टीएमटीची बस मिळाली पाहिजे. नाटकाला ते बरोबर आहे. पण आईच्या सात ते दहाला पडदा पडून चालत नाही. दादा कासारवडवलीला, मी इथे, बाबा गच्चीवर मित्रांबरोबर. त्या वेळेला घरात माणसांचे आवाज लागतात. हे मालिकेचं मोठेपण आहे असं मी म्हणणार नाही, पण ते खोटंही नाही.

आईचंही सगळं मंजूर नाही. आई, तू स्वतः म्हणतेस की मला यातली एक आवडते आणि बाकीच्या चार चालू असतात म्हणून चालू असतात. त्या चार बंद कर. आवडती बघ, आणि तीसुद्धा ज्या दिवशी नायिकेला तिसऱ्यांदा कुणी गुंड उचलून नेतील त्या दिवशी सोड. चॅनेलला दुसरं काही कळत नाही. टीआरपीचं यंत्र आपल्या घरी नाही हे मला माहीत आहे. तरी सोड.

एक उरलं. गेलेल्या मालिका परत येतायत, त्याबद्दल तू विचारलं होतंस. 'सीआयडी' १९९८ पासून २०१८ पर्यंत चालून बंद झाली, २०२४ च्या डिसेंबरात परत आली. शिवाजी साटमांना पुन्हा बोटं फिरवताना बघून मलाही बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. तिथे दर वेळी नवा खून, नवा दरवाजा, त्यामुळे मागचं ओझं नाही. 'क्योंकि' २०२५ मध्ये परत आली. पहिले दोन भाग मी आठवणीखातर पाहिले, पुढचे नाही. ओळखीचं माणूस वीस वर्षांनी भेटलं तर अर्धा तास छान जातो, रोज भेटलं तर बोलायला लागतं. या बाबतीत अक्कल दाखवली ती 'रात्रीस खेळ चाले'वाल्यांनी. दुसऱ्या वेळी ते गोष्ट पुढे न्यायच्या ऐवजी मागे गेले. पहिल्या मालिकेत अण्णा नाईकांच्या मरणाने सुरुवात झाली होती, दुसरीत त्यांना जिवंतपणी दाखवलं. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर, अण्णा आणि शेवंता. मला ती पहिलीपेक्षा चढ वाटली. शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी लोक बघत होते. मग तिसरी काढली. तिसरी काढायची गरज नव्हती, पण गुरुवार होते ना.

डोळे सुधारले की आई, तू आणि बाबांनी मिळून टिपरे पुन्हा बघा. ऑनलाइन सापडतात, दादा लावून देईल. रोज एक बघू नका, आठवड्याला एकच. बाबा, चिडचिड करून पुढचा भाग लावायचा नाही. दादाच्या लहानीलाही बसवा शेजारी. ती म्हणेल यात काहीच घडत नाही. म्हणू दे.

मी डिसेंबरात येतेय. रजा मंजूर झाली आहे, तिकीट या आठवड्यात काढते. गडकरीला एखादं चांगलं नाटक लागलं असेल तर बाबांनी आधीच बुकिंग करून ठेवावं, पुढच्या रांगेतलं नको, आईला मान वर करावी लागते. आणि प्रयोग दुपारचा बघा. साडेआठचा घेतलात तर आई मध्यंतरात वहिनीला फोन करून विचारेल की आज काय झालं.

तुमची,
धाकटी